पांढरी पानं, गुलाबी पानं: नागपुरातल्या एका अपक्ष उमेदवाराच्या खर्चवहीचं प्रकरण

४ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, शिलाई मशीन भेटली."

विधानसभेसाठी माघारीची मुदत त्या दिवशी संपली होती आणि अपक्षांना चिन्हं वाटली गेली होती. आदल्या दिवशी भाऊबीज झाली होती. इतवारीपासून महालपर्यंत तीन छापखान्यांत मी विचारून आलो. दोन बंद होते, तिसऱ्याकडे कारागीर गावाहून परतले नव्हते. प्रचार १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला थांबणार होता. म्हणजे शिलाई मशीन हे चिन्ह कोणाचं, हे तीनशेच्या वर बूथ असलेल्या मतदारसंघाला सांगायला आमच्या हाती पुरते चौदा दिवस होते. समोरच्या मोठ्या पक्षांची चिन्हं लोकांच्या डोक्यात कित्येक वर्षांपासून बसलेली. त्यांचे बॅनर तर दिवाळीच्या शुभेच्छांसोबतच चौकाचौकांत लागले होते.

मी छोट्या दुकानदारांची हिशेबाची, जीएसटीची कामं करतो. त्या निवडणुकीत मी ताईंची खर्चवही सांभाळली. पुढे लिहिलंय ते सारं त्या वहीतून आलेलं आहे. राजकीय पक्षांना आणि अपक्षांना सरकारी तिजोरीतून आधार द्यावा का, हा वाद आपल्याकडे नेहमी मोठ्या शब्दांत चालतो. वही लिहिताना मला तो फार लहान आकड्यांत दिसला.

ताई आणि त्यांचा मतदारसंघ

ताई कोण, ते थोडक्यात सांगतो. नागपूरच्या कडेला शेतजमिनीवर पडलेले ले-आउट बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. इथे मात्र "पाचशे बहात्तर" आणि "एकोणीसशे" असं नुसतं म्हटलं तरी ते संख्येवरून ओळखले जाणारे ले-आउटचे गट आहेत, हे रिक्षावाल्यालाही समजतं. माणसाने प्लॉट घेतला, घर बांधलं, पण आर.एल. नाही, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र नाही. ते नाही म्हणून नकाशा मंजूर नाही आणि बँकेचं कर्ज नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, नियमितीकरणाचे पैसे भरायला सांगणाऱ्या डिमांड नोटा निघाल्या, काहींनी पैसे भरले, काहींचं घोंगडं भिजत राहिलं. ताई पंधरा वर्षं लोकांच्या या फायली घेऊन फिरल्या. कोणाचा डिमांड किती, कोणाचं विक्रीपत्र अर्धवट, कोणाचा प्लॉट रस्त्याच्या आखणीत गेला, हे त्यांना तोंडपाठ आहे. एका पक्षाने त्यांना आधी विचारलं आणि मग तिकीट दुसऱ्याला दिलं. त्यावर मी काही लिहित नाही. शहरातल्या सहा मतदारसंघांपैकी एकात त्या अपक्ष उभ्या राहिल्या, एवढं या प्रकरणाला पुरे.

वही

उमेदवाराला मिळणाऱ्या खर्चवहीचे तीन भाग असतात. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीच्या नोंदीची गुलाबी, बँकेच्या नोंदीची पिवळी. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा प्रत्येक रुपया लिहायचा, प्रचारकाळात किमान तीनदा वही तपासून घ्यायची आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत पूर्ण हिशेब सादर करायचा. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. अधिकाऱ्यांची आपली एक समांतर वही असते. चहा, खुर्ची, मंडप, गाडी, सगळ्याचे दर जिल्ह्यात ठरवून दिलेले असतात आणि तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडला जातो.

मला ही पद्धत आवडली. हिशेबाच्या माणसाला आवडणारच. कोपरासभेला पन्नास खुर्च्या मागवल्या आणि मी चाळीस लिहिल्या. दुसऱ्या तपासणीत ते निघालं, मी चूक मान्य केली, आकडा दुरुस्त झाला. त्यात कोणाचा दोष असेल तर तो माझा होता.

पण लिहिता लिहिता लक्षात यायला लागलं की ही वही सर्वांसाठी सारखी असली तरी तिच्या बाहेर जे राहतं ते सारखं नाही. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात खर्चाची मर्यादा चाळीस लाखांची आहे. पक्षाने पक्ष म्हणून केलेल्या सर्वसाधारण खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाने पंचाहत्तर दिवसांत आपलं विवरण द्यायचं, बस्स. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला वीस. त्यांच्या प्रवासाचा खर्च, विमान आणि हेलिकॉप्टर धरून, उमेदवाराच्या वहीत येत नाही. नेत्याने उमेदवाराला शेजारी उभं करून मतं मागितली किंवा त्याचं नाव-फोटो मंचावर लावला, तर सभेचा वाटा त्याच्या अंगावर येतो. प्रवास तरीही बाहेरच राहतो. ताईंची भाची पुण्याहून मदतीला आली. तिचा बसचा खर्च ताईंनी दिला आणि मी तो पांढऱ्या पानावर चढवला.

हा फरक आपोआप पडलेला नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला होता. मर्यादेला अर्थ राहावा आणि पैशाच्या जोरावर मोठा पक्ष लहान माणसाला रेटू नये, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट आक्रसून नेत्यांच्या प्रवासापुरती ठेवली. पक्ष नसलेल्या माणसाला मात्र तेव्हाही काही मिळालं नाही आणि आजही मिळत नाही.

मतदारयादी आणि दहा सूचक

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारयादीच्या प्रती विनामूल्य मिळतात, तसं कायद्यात कलमच आहे. अपक्षाला नाही. आम्ही संकेतस्थळावरून भाग उतरवून घेतले आणि आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापले. त्याचं मशीन दोनदा तापून बंद पडलं. रात्री साडेअकराला मी आणि ताईंचा मुलगा गठ्ठे बांधत बसलो होतो. भाग क्रमांकाच्या चिठ्ठ्या सुटू नयेत म्हणून रबराखाली पोस्टकार्ड ठेवत होतो. ताई यादी घेऊन बसल्या की नावावरून घर सांगायच्या. "ह्या मावशी गेल्या. हे पोट्टं आता हैदराबादले असते. इथं तीन मतं आहेत, पण घर एकाच्याच नावावर आहे, म्हणून आर.एल. अडकला."

अर्जाच्या वेळीही तसंच झालं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, बाकीच्यांना मतदारसंघातले दहा मतदार लागतात. आम्ही दहा जणांचे यादीतले अनुक्रमांक तीनदा तपासले. एकाचा भाग क्रमांक जुन्या यादीतला निघाला, तो शेवटच्या तासात बदलला. दहा माणसं उभी करता येत नाहीत त्याने उभंच का राहावं, हा प्रश्न रास्त आहे आणि ही अट मला मान्यही आहे. मला खटकतं ते एवढंच, की जो अट पार करतो त्यालाही पुढे रिकाम्या हातानेच जावं लागतं.

मतदानयंत्रावर पहिल्यांदा राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष. एका यंत्रात नोटा धरून सोळा नावं मावतात. आमचं शिलाई मशीन दुसऱ्या यंत्रावर गेलं. म्हाताऱ्या बायांना समजावताना ताई म्हणायच्या, "पहिली मशीन सोडा, बाजूची पाहा." चौदा दिवसांतले किती तरी तास या एका वाक्यात गेले.

हार्डवेअरवाल्याचा प्रश्न

या प्रकरणाचा गाभा, माझ्या मते, एका दुकानात आहे.

ताईंनी ज्याच्या प्लॉटचं काम केलं होतं असा एक हार्डवेअर दुकानदार स्वतःहून म्हणाला, "ताई, मी चेकने देतो." चेकबुक काढलं आणि मला विचारलं, "रिटर्नमध्ये दाखवता येते ना जी?" तो माझाच अशील. मला नाही म्हणावं लागलं. नोंदणीकृत पक्षाला चेकने किंवा ऑनलाइन देणगी दिली तर आयकराच्या जुन्या पद्धतीत, तेव्हाच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०जीजीसीखाली, पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होत होती. अपक्ष उमेदवाराला दिली तर काहीच वजा होत नव्हतं. पक्षाचं उत्पन्न, अटी पाळल्या तर, करमुक्त असतं. अपक्षाला असा कुठलाच आसरा नाही.

त्याने तरीही चेक दिला, ठरवलेल्या रकमेच्या निम्म्याचा. पिवळ्या पानावर ती नोंद करताना माझा हात थोडा थांबला. सरकार जो कर सोडून देतं, तो सर्वांच्या खिशातलाच पैसा असतो. कोणी पक्षाला लाख रुपये दिले आणि तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर तीस हजारांच्या आसपास तिजोरीने भरले असं समजा. आपल्या देशात पक्षांना सरकारी पैसा मिळत नाही, हे वाक्य मीही अनेकदा बोललो होतो. ते खरं नाही. मिळतो, फक्त धनादेश फाडून मिळत नाही. करातली सवलत, फुकट मतदारयादी, दूरदर्शन आणि आकाशवाणीवरचा मोफत वेळ, असा तो वळणावळणाने येतो, आणि अपक्षाच्या दाराशी वळत नाही.

२०१८ साली आलेल्या निवडणूक रोख्यांची वाटही पक्षांसाठीच होती. तीही आधीच्या निवडणुकीत किमान एक टक्का मतं मिळवलेल्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना रद्द केली, ते योग्यच झालं. दुसऱ्या टोकाला, वर्षानुवर्षं निवडणूक न लढवता नुसत्या कागदावर जगणारे नोंदणीकृत पक्ष होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने असे ३३४ पक्ष यादीतून काढले आणि सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. म्हणजे सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या पक्षाचं नाव यादीत होतं तोवर त्याला देणगी देणारा सवलत मागू शकत होता, आणि तीनदा वही तपासून घेणाऱ्या ताईंना देणारा नाही. हिशेब ठेवणारा माणूस म्हणून मला हे सहन होत नाही.

विरोधातलं म्हणणं

एका ले-आउटात मी हा विषय काढला तेव्हा एक काका चिडले. "आमच्या इथं नाली नाही, अन् निवडणुकीले सरकारनं पैसे द्यायचे?" त्यांचा राग खोटा नाही. दुसरी शंका जास्त गंभीर आहे. अपक्षांत डमी उमेदवार असतात. मोठ्या उमेदवाराला जादा गाड्यांचे परवाने हवे असतात, बूथवर जादा एजंट हवे असतात, नावासारखं नाव उभं करून मतं फोडायची असतात. पैसा किंवा सवलत दिली तर अशांची रांग लागेल. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी मदतीची बाजू घेतली, तीही वस्तुरूपात: इंधन, कागद, टेलिफोन, ध्वनिक्षेपक अशी. पण ती मान्यताप्राप्त पक्षांपुरतीच ठेवली आणि अपक्षांना वगळलं. या भीतीमागे अनुभव आहे, ती मी झटकून टाकत नाही.

तरी मला वाटतं, खरा-खोटा निवडायची चाळणी आपल्याकडे आधीपासून आहे. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली तर अनामत परत मिळते. विधानसभेला ती दहा हजारांची, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. हीच रेषा धरा. जो ती ओलांडेल आणि ज्याची वही वेळेत, पूर्ण आणि ताळमेळ जुळलेली असेल, त्याला छपाई आणि मतदारयादीचा ठरावीक खर्च निवडणुकीनंतर परत करा, पक्षाचा असो की अपक्ष. पैसा आधी नाही, नंतर आणि पावतीवर. डमीला एवढी मतं मिळत नाहीत आणि तो वही नीट ठेवत नाही. करसवलतीसाठी नवं काही उभारायला नको; उमेदवाराचं वेगळं खातं असतंच, त्या खात्यात चेकने आलेल्या देणगीला पक्षाच्या देणगीसारखंच वागवा.

यात ताई बसतात का? नाही. त्यांची अनामत जप्त झाली. मी सुचवतो त्या नियमाने त्यांना एक रुपयाही परत मिळाला नसता, हे इथेच सांगून टाकतो. पण करसवलत असती तर हार्डवेअरवाल्याने कदाचित पूर्ण चेक दिला असता.

निवडून आलेल्या अपक्षाचं काय

हा भाग आमच्या वाट्याला आला नाही, पण त्याशिवाय प्रकरण अर्धं राहतं. १९९५ मध्ये महाराष्ट्रात ४५ अपक्ष आमदार निवडून आले होते. २०१९ ला १३ आले, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या रामटेकचे एक. २०२४ ला दोनच. एकदा निवडून आला की पगार, भत्ते आणि वर्षाला पाच कोटींचा आमदार स्थानिक विकास निधी अपक्षालाही इतरांसारखाच मिळतो. तो निधी आमदाराच्या हाती येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कामांवर खर्च होतो. इथवर समानता आहे. पण विधेयक वाचायला, आकडे काढायला, प्रश्न तयार करायला पक्षाच्या आमदाराच्या मागे पक्षाचं कार्यालय असतं. नागपूरच्या विधानभवनात त्या कार्यालयाला जागा असते, आणि ती किती मोलाची आहे हे पक्ष फुटल्यावर २०२२ आणि २०२३ च्या हिवाळी अधिवेशनांत खोलीवरच्या हक्कावरून जे वाद झाले त्यांत सर्वांनी पाहिलं. अपक्षाला पुढे पक्षात जायची वाटही बंद असते. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमाने, निवडून आल्यावर तो कोणत्याही पक्षात गेला तर सदस्यत्व जातं. एकटं राहायची सक्ती आहे, तर एकट्याने काम करता येईल एवढी सोयही हवी.

आयर्लंडने हे कसं सोडवलं ते मला उपयोगी वाटलं. तिथे पक्षांना दोन झऱ्यांतून सरकारी पैसा येतो. १९९७ च्या निवडणूक कायद्याने सार्वत्रिक निवडणुकीत किमान दोन टक्के पहिल्या पसंतीची मतं मिळवणाऱ्या पक्षांना एक रक्कम मिळते. ती अपक्षांना नाही. दुसरा आहे संसदीय कामाचा भत्ता, आणि तो अपक्षांनाही मिळतो. २०१४ च्या कायद्याने ठरलेले दर असे: पक्षाला कनिष्ठ सभागृहातल्या पहिल्या दहा सदस्यांपर्यंत प्रत्येकी ६४,३६८ युरो, अकरा ते तीसपर्यंत प्रत्येकी ५१,४९३, त्यापुढे २५,७५४, सत्तेतल्या पक्षाला यात एक तृतीयांश कपात, कारण त्याच्या हाताशी सरकारी यंत्रणा असते. अपक्ष सदस्याला वर्षाला ३७,०३७ युरो, वरिष्ठ सभागृहातल्या अपक्षाला २१,०४५. हा पैसा संशोधन, प्रशासन, धोरणाची तयारी यांसाठी आहे. निवडणुकीवर खर्च करायला बंदी.

यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१४ पूर्वी तिथल्या पक्षनेत्यांना या भत्त्याचा हिशेब द्यावा लागत होता, अपक्षांना नाही. त्यावर टीका झाली आणि अपक्षांनाही तिथल्या आयोगाकडे दरवर्षी खर्चाचं विवरण देणं बंधनकारक झालं. पैसा आधी आला, वही नंतर. आपल्याकडे वही आहेच. आपल्या अपक्षाने ती भाग क्रमांकासकट लिहून दाखवली आहे.

डिसेंबर

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. अंतिम हिशेब द्यायची मुदत २३ डिसेंबर. त्याआधी ताळमेळाची बैठक होते, आमच्या आकड्यांसमोर त्यांचे आकडे ठेवून. नेमकं त्याच आठवड्यात, १६ ते २१ डिसेंबर, शहरात हिवाळी अधिवेशन होतं. सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे. गाडी लांब ठेवून आम्ही वही, पावत्यांची फाइल आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन चालत गेलो. फरक निघाला नाही. ताईंनी प्रत्येक पानावर सही केली, शपथपत्र जोडलं, पोच घेतली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता इथवर आलोच आहे तर आमदार निवासात जाऊन येऊ." पिशवीत वहीखाली ले-आउटवाल्यांच्या डिमांड नोटांची प्रत होती. एका आमदारांनी नियमितीकरणावर प्रश्न लावायचं कबूल केलं होतं. ते सभागृहात होते, त्यांचा स्वीय सहायक भेटला. त्याचं मानधन सरकार देतं. तरुण मुलगा, बोलायला नीट. त्याने कागद घेतले, पानं मोजली, आवक नोंदवहीत क्रमांक टाकला आणि विचारलं, "ताई, यात किती ले-आउटची माहिती आहे? तक्ता करून दिला असता तर सरांना लगेच मांडता आलं असतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या देतो."

त्या रात्री झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर बसून आम्ही तक्ता केला. ताई सांगत होत्या, मी लिहीत होतो: ले-आउट, खसरा क्रमांक, किती प्लॉट, किती डिमांड भरले, किती आर.एल. बाकी.